न्योर्डलिंगन : विवरातले नगर आणि त्याचा कारभार

जर्मनीच्या दक्षिणेला, बव्हेरिया राज्याच्या श्वाबेन विभागात न्योर्डलिंगन हे सुमारे 21 हजार वस्तीचे नगर आहे. डोनाऊ-रीस जिल्ह्यातल्या या नगराच्या हद्दीत सुमारे 68 चौरस किलोमीटर जमीन येते आणि थोड्याच अंतरावर पश्चिमेला बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची सीमा लागते. एगर नावाची लहानशी नदी जुन्या वस्तीतून वाहते, पुढे व्योर्निट्झला मिळते आणि व्योर्निट्झ डोनाऊला, म्हणजेच डॅन्यूबला. समुद्रसपाटीपासून सुमारे 430 मीटर उंचीवरची ही जमीन सपाट, सुपीक आणि जवळजवळ वृक्षहीन आहे. मात्र कोणत्याही दिशेला नजर टाकली तरी क्षितिजावर शंभर-दीडशे मीटर उंचीची, झाडीने भरलेली टेकड्यांची कड दिसते. मधल्या या सपाट प्रदेशाला रीस म्हणतात. त्याचा व्यास सुमारे 24 किलोमीटर असून ताटाच्या काठासारखी ती कड त्याला चहूबाजूंनी वेढते.

ही बशी नदीने किंवा हिमनदीने कोरलेली नाही. सुमारे 1 कोटी 48 लाख वर्षांपूर्वी एक ते दीड किलोमीटर व्यासाचा लघुग्रह सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने येथे आदळला. काही मिनिटांत विवर तयार झाले, मूळचे खडक चुरडले, वितळले आणि दूरवर फेकले गेले. वितळलेल्या मातीचे हिरवट काचमणी उडून थेट आजच्या चेक प्रजासत्ताकात पडले. मोल्डावाइट नावाने दागिन्यांत वापरतात ते हेच. विवरात पुढे खारट पाण्याचे सरोवर साठले, हळूहळू गाळाने भरले आणि त्या गाळावर नंतर वाऱ्याने आणलेली लोएस माती पसरली. रीसमधली आजची गव्हाची आणि बटाट्याची शेते या थरांवर उभी आहेत.

हे सगळे उमगायला मात्र बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकापासून भूवैज्ञानिक रीसला ज्वालामुखीचे मुख मानत आले होते, कारण इथला करडा, काचेचे तुकडे मिसळलेला सुएवाइट खडक ज्वालामुखीतल्या राखेच्या खडकासारखा दिसतो. 1960 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर आणि त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांनी ओटिंग गावच्या खाणीतल्या सुएवाइटात कोएसाइट शोधून काढले. क्वार्ट्झचे हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होते. तसा दाब भूपृष्ठाजवळ ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही, उल्काघात करू शकतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराची कथाही अशीच झाली. तेही दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले जाई आणि 1973 मध्ये त्याचे उल्काघाती मूळ निश्चित झाले. लोणारचे विवर रीसच्या मानाने फार लहान, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. पण ते बेसॉल्टमध्ये पडलेले असल्याने चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांना त्याचे मोल वेगळेच. रीसलाही चंद्राशी असाच संबंध आला. ऑगस्ट 1970 मध्ये अपोलो 14 मोहिमेचे अंतराळवीर अॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल उल्काघाताचे खडक ओळखायला शिकण्यासाठी येथे येऊन गेले. 1990 मध्ये उघडलेल्या रीस-विवर संग्रहालयात अपोलो 16 ने आणलेला चंद्रावरचा एक दगड ठेवलेला आहे, आणि 2022 पासून हा सारा प्रदेश युनेस्कोचा जागतिक भूउद्यान आहे.

नगरवासीयांनी सुएवाइटचा उपयोग त्याचे मूळ कळण्याच्या कितीतरी आधीपासून केला. तो खणायला सोपा, उचलायला हलका आणि जवळच मिळणारा. सेंट गेओर्गचे मोठे चर्च आणि त्याचा मनोरा त्याच दगडाचा आहे. आघाताच्या दाबाने खडकातल्या ग्रॅफाइटचे सूक्ष्म हिरे झाले होते. डोळ्यांना न दिसणारे आणि बाजारात किंमत नसलेले ते कण आज नगराच्या भिंतीभिंतींत आहेत.

सुपीक, उघड्या माळरानाला माणसांनी फार लवकर आपलेसे केले. विवराच्या नैर्ऋत्य कडेवर ओफ्नेटच्या गुहांत 1908 मध्ये मध्याश्मयुगातल्या तिसाहून अधिक कवट्या दोन खळग्यांत रचून ठेवलेल्या सापडल्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी आजच्या नगराच्या जागी छावणी उभारली. जवळच होलहाइम येथे त्या काळच्या शेतवाड्याचा पाया उघडा करून ठेवलेला आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यात अलेमान्नी टोळ्यांनी रोमन सीमा मोडली, आणि त्यानंतर बराच काळ लिखित नोंद नाही. 898 च्या दस्तऐवजात न्योर्डलिंगन राजाच्या मालकीची वाडी म्हणून येते, आणि ती वाडी रेगेन्सबुर्गच्या बिशपांकडे जाते.

1215 हे नगराच्या इतिहासातले निर्णायक वर्ष. होहेनश्टाउफेन घराण्यातला राजा फ्रीडरिष दुसरा याने न्योर्डलिंगन बिशपांकडून परत घेतले आणि ते थेट राजसत्तेच्या अखत्यारीत आले. मधल्या कोणत्याही सरदाराला, ड्यूकला किंवा धर्मगुरूला उत्तर न देता केवळ सम्राटालाच बांधील असणारी अशी नगरे पवित्र रोमन साम्राज्यात पुढे डझनांनी झाली. त्यांना स्वतःचे कायदे, स्वतःचे न्यायालय, स्वतःचे कर आणि कालांतराने साम्राज्याच्या सभेत स्वतःचे आसन मिळाले. हे स्वातंत्र्य कागदावर मिळाले तरी टिकवावे लागे. शेजारच्या ओटिंगनच्या काउंटांचा प्रदेश नगराला चारही बाजूंनी लागून होता, आणि त्यांच्याशी सीमा, शिकार, टोल आणि न्यायाधिकार यांवरून न्योर्डलिंगनचे खटके शतकानुशतके चालत राहिले.

पैसा आला तो जत्रेतून. 1219 मध्ये पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या जत्रेची पहिली नोंद मिळते. फ्रांकेन, श्वाबेन आणि बव्हेरिया यांच्यातले रस्ते जिथे एकत्र येतात तिथेच हे नगर बसलेले असल्याने चौदाव्या-पंधराव्या शतकांत ही जत्रा दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या बाजारांपैकी एक झाली. न्यूरेंबर्ग आणि ऑग्सबुर्गचे व्यापारी येथे कापड, फर, कातडी, धातूच्या वस्तू आणि मसाले घेऊन येत. स्थानिक कारागिरांत जाड लोकरी कापड विणणारे आणि कातडी कमावणारे सर्वांत महत्त्वाचे. एगरच्या काठी चांभारांच्या नव्हे, तर कातडी कमावणाऱ्यांच्या उंच घरांची ओळ अजून आहे. माळ्यावरचे मोकळे सज्जे कातडी वाळवण्यासाठी ठेवलेले होते. ही जत्रा आजही भरते, पण ती आता करमणुकीची आहे.

1327 मध्ये सम्राट लुडविग बव्हेरियन याच्या आज्ञेने नवा तट बांधायला सुरुवात झाली. जुना तट आतल्या वस्तीभोवती होता. त्याच्या बाहेर वाढलेल्या पेठा नव्या तटाने कवेत घेतल्या आणि नगर कितीतरी पटींनी मोठे झाले. जुन्या तटाची रेषा आतल्या वाटोळ्या रस्त्यांत आजही ओळखता येते. नवा तट सुमारे 2.7 किलोमीटर लांबीचा असून त्याला पाच वेशी आहेत : बाल्डिंगर, लोप्सिंगर, डायनिंगर, राइमलिंगर आणि बेर्गर. तटाच्या आतल्या बाजूने छप्पर असलेली पायवाट संपूर्ण नगराला अखंड वळसा घालते. जर्मनीत इतक्या पूर्णपणे टिकलेली तटवाट दुसरीकडे नाही असे स्थानिक लोक अभिमानाने सांगतात, आणि ती एकदा चालून गेल्यावर त्या अभिमानावर शंका घ्यावीशी वाटत नाही. तटाला खर्च फार आला. तो प्रामुख्याने नगराने स्वतः गोळा केलेल्या करांतून भागवला गेला आणि कोणत्या वेशीवर कोण पहारा देणार हेही नगरसभाच ठरवी.

चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सभा श्रीमंत व्यापारी घराण्यांच्या हाती होती. त्यानंतर विणकर, कातडी कमावणारे, खाटीक, पावभट्टीवाले यांच्या व्यवसायसंघांना, म्हणजे गिल्डांना, सभेत जागा मिळाल्या. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही मिश्र व्यवस्था चालली. पुढे सम्राट चार्ल्स पाचवा याने दक्षिण जर्मनीतल्या अनेक नगरांत गिल्डांचे राजकीय हक्क काढून घेतले, कारण प्रोटेस्टंट चळवळीला त्यांच्यातून बळ मिळत होते. न्योर्डलिंगनही त्यातून सुटले नाही. तेव्हापासून सभा लहान, बंदिस्त आणि जवळजवळ आपली आपण भरती करणारी झाली. मोजक्या कुटुंबांतले, बहुधा कायद्याचे शिक्षण घेतलेले पुरुष नगर चालवू लागले. या बदलाचे परिणाम पुढे फार कडू निघाले.

कलेच्या दृष्टीने पंधरावे शतक सर्वांत भरघोस. 1427 मध्ये सेंट गेओर्गचे बांधकाम सुरू झाले आणि ते 1505 पर्यंत चालले. मनोरा सुमारे 90 मीटर उंच असून लोक त्याला दानिएल म्हणतात. वर जायला 350 पायऱ्या आहेत. मुख्य वेदीवरची क्रूसविद्ध ख्रिस्ताची आणि संतांची शिल्पे निकोलाउस गेर्हाएर्टच्या कार्यशाळेतून आली. त्या वेदीची चित्रे फ्रीडरिष हेर्लिनने 1462 च्या सुमारास रंगवली आणि तो पुढे नगराचा नागरिक झाला. ड्यूररचा शिष्य हान्स शॉयफेलिन हाही 1515 मध्ये येथे स्थायिक झाला आणि त्याच वर्षी नगरसभागृहातल्या भिंतीवर बेथुलियाच्या वेढ्याचे मोठे चित्र त्याने काढले. वेढ्यातून वाचलेले शहर, हा विषय तटाआड राहणाऱ्या नगरसेवकांना आपलासा वाटला असेल यात नवल नाही.

वेशींच्या पहाऱ्याशी एक आख्यायिका जोडलेली आहे. 1440 मध्ये ओटिंगनच्या काउंटाने वेशीच्या रखवालदारांना लाच देऊन एका रात्री दार उघडे ठेवायला लावले, पण एका डुकराने त्या दाराला अंग घासले, दार हलले आणि एका बाईच्या ते लक्षात आले, असे सांगतात. मनोऱ्यावरचा रखवालदार आजही रात्री दहा ते बारा या वेळात दर अर्ध्या तासाने खाली हाक मारतो, आणि लोक ती हाक या कथेशी जोडतात. नगराकडे पगारी मनोरा-रखवालदार अजूनही आहे ही गोष्ट कथेइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

न्योर्डलिंगनने सुधारित धर्म लवकर स्वीकारला. 1522 पासून थेओबाल्ड बिलिकान येथे उपदेश करू लागला, आणि 1529 मध्ये श्पायरच्या सभेत ज्या 14 नगरांनी अल्पसंख्य प्रोटेस्टंट राजांसह निषेधपत्रावर सही केली त्यांत हे नगर होते. पण आपल्या धर्माबद्दल निर्भय असणारी सभा आपल्याच रहिवाशांबद्दल न्यायी असतेच असे नाही. ज्यू समाजाला तेराव्या-चौदाव्या शतकांत येथे पुन्हापुन्हा कत्तलींना तोंड द्यावे लागले. 1384 च्या हल्ल्यानंतर नगराच्या मित्रनगरांनीही न्योर्डलिंगनला जाब विचारला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीस उरलेल्या ज्यूंना बाहेर काढले आणि ते आसपासच्या खेड्यांत सरदारांच्या आश्रयाने राहू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाज पुन्हा नगरात आला, सिनेगॉग बांधले गेले, आणि 1942 मध्ये नाझी राजवटीने शेवटच्या कुटुंबांना येथून मृत्यूकडे पाठवले.

1589 ते 1594 या काळातले चेटूक-खटले हा नगराच्या स्वायत्ततेचा सर्वांत काळा अध्याय. नगराध्यक्ष योहानेस फेरिंगर आणि सभेचे दोन कायदेतज्ज्ञ यांनी संशयितांना पकडले, छळाने कबुलीजबाब घेतले, त्या जबाबांतून नवी नावे काढली. 34 बायका आणि एक पुरुष यांना देहदंड झाला. त्यांत नगराच्या खजिनदाराची पत्नी रेबेका लेंप होती. तुरुंगातून तिने नवऱ्याला लिहिलेली पत्रे नगराच्या दप्तरखान्यात टिकून आहेत, आणि निर्दोष माणसाला यंत्रणा कशी चिरडते याचा इतका जिवंत पुरावा युरोपात क्वचितच सापडेल. सम्राट दूर होता, वरचे अपील नव्हते. आरोप, तपास आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी एकाच सभेच्या हाती होत्या. खटले थांबले ते एका खानावळवालीमुळे. ‘क्रोने’ खानावळीची मालकीण मारिया होल हिला 1593 च्या नोव्हेंबरात पकडले. 62 वेळा छळ करूनही तिने कबूल केले नाही, आणि तिचे माहेर असलेल्या उल्म नगराने तिच्यासाठी अर्ज केला. ऑक्टोबर 1594 मध्ये सभेला तिला सोडावे लागले, आणि खटल्यांचा पाया सरकला. वाइन बाजारात आज तिच्या नावाचे कारंजे आहे.

तीस वर्षांच्या युद्धात न्योर्डलिंगनचे नाव युरोपभर झाले. ऑगस्ट 1634 मध्ये हंगेरीचा राजा फर्डिनांड, जो पुढे सम्राट झाला, त्याच्या फौजेने नगराला वेढा दिला. स्पेनच्या कार्डिनल-इन्फान्ते फर्डिनांडाची फौज त्याला येऊन मिळाली. वेढा उठवण्यासाठी स्वीडिश सेनापती गुस्ताव्ह होर्न आणि साक्सेन-वायमारचा बेर्नहार्ड सुमारे 25 हजार सैनिक घेऊन आले. समोर 33 हजारांच्या आसपास सैन्य होते. 5 आणि 6 सप्टेंबरला नगराच्या दक्षिणेला आल्बूख टेकडीसाठी दिवसभर चढाया झाल्या. स्वीडिश पक्ष पुरता मोडला, होर्न कैद झाला. या एका लढाईने दक्षिण जर्मनी सम्राटाकडे परतली, पुढच्या वर्षी प्रागचा तह झाला आणि स्वीडनचा डाव कोसळताना पाहून फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. 1645 मध्ये जवळच्याच आलेरहाइमला फ्रेंच आणि बव्हेरियन फौजांत दुसरी मोठी लढाई झाली. दोन्ही लढायांनंतर उपासमार, प्लेग आणि खंडणी यांनी लोकसंख्या निम्म्यावर आली. मारिया होलही 1634 मध्येच मरण पावली.

त्यानंतर व्यापाराचे रस्ते दुसरीकडे वळले, जत्रा आकसली, नगर गरीब झाले. तट पाडून नवे बांधायला पैसा नव्हता आणि जुन्या घरांवर मजले चढवायला गरजही नव्हती. आज पर्यटक ज्या अखंड मध्ययुगीन रूपाला दाद देतात ते बऱ्याच अंशी या दारिद्र्याचे देणे आहे. अठराव्या शतकात एक महत्त्वाची गोष्ट मात्र येथे उगवली : 1763 मध्ये कार्ल गोटलोब बेकने छापखाना आणि प्रकाशनगृह काढले. बेक प्रकाशन 1889 मध्ये म्युनिकला गेले आणि कायदा व इतिहासाच्या पुस्तकांसाठी जर्मनभाषक जगात नावाजले गेले, पण त्यांचा छापखाना न्योर्डलिंगनमध्येच राहिला.

नेपोलियनच्या काळात जर्मन नकाशा बदलला. 1802 मध्ये बव्हेरियाच्या सैनिकांनी नगर ताब्यात घेतले आणि 1803 च्या साम्राज्यसभेच्या ठरावाने ते कायम झाले. जवळजवळ सहा शतकांची स्वायत्तता संपली. बव्हेरियाच्या 1808 च्या आदेशाने नगरांचा स्थानिक कारभारच रद्द झाला. 1818 च्या आदेशाने निवडून आलेली मंडळे परत आली, पण आता राज्याच्या देखरेखीखाली. 1826 मध्ये राजा लुडविग पहिला याने तट पाडण्यास मनाई केली. 1849 मध्ये ऑग्सबुर्ग-न्यूरेंबर्ग रेल्वे येथून धावू लागली, आणि 1863 मध्ये व्युर्टेंबर्गकडून येणारी रेल्वे तिला मिळाली. बव्हेरियाचे रेल्वे-संग्रहालय पुढे याच स्थानकाच्या जुन्या शेडमध्ये उभे राहिले. नाझी राजवटीने 1935 च्या नगरपालिका कायद्याने निवडणुका मोडून नेमणुका आणल्या. 1945 च्या वसंतात अमेरिकी फौज आली. युद्धानंतर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी वस्ती वाढवली आणि ती तटाबाहेर पसरली. याच नगरात 1945 मध्ये फुटबॉलपटू गेर्ड म्युलरचा जन्म झाला. स्थानिक मैदान त्याच्या नावाचे आहे.

1972 पर्यंत न्योर्डलिंगन जिल्ह्यापासून स्वतंत्र, जिल्ह्याच्या दर्जाचे नगर होते. त्या वर्षी 1 जुलैला बव्हेरियातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि ते डोनाऊव्योर्टसह एका जिल्ह्यात गेले. 1973 मध्ये त्या जिल्ह्याला डोनाऊ-रीस हे नाव मिळाले. मुख्यालय डोनाऊव्योर्टला गेले याचा सल नगरात दीर्घकाळ राहिला, इतका की वाहनांच्या पाट्यांवर जुनी न्योर्डलिंगनची अक्षरे 2013 मध्ये परत मिळाली तेव्हा ती आवर्जून घेतली गेली. बदल्यात नगराला मोठ्या जिल्हानगराचा दर्जा मिळाला. एरवी जिल्हा कार्यालयाकडे असलेली काही कामे, मुख्यतः बांधकाम परवाने, त्यामुळे नगर स्वतः करते. जुन्या वस्तीत खिडकीची चौकट किंवा छपराचे कौल बदलायचे असले तरी आधी नगर-कचेरीत जावे लागते. सत्तरच्या दशकात बाल्डिंगन, लोप्सिंगन, होलहाइम, नेहरमेमिंगन अशी आसपासची दहा खेडी नगरात विलीन झाली आणि हद्द तटाबाहेर दूरवर गेली.

आजची नगरसभा सहा वर्षांसाठी निवडली जाते आणि तिच्यात 30 सदस्य असतात. नगराचा प्रमुख, ज्याला मोठ्या जिल्हानगरात ओबरब्युर्गरमायस्टर म्हणतात, तो लोकांकडून थेट निवडला जातो; कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसतील तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत फेरमतदान होते. सभेसाठीच्या मतदानाची रीत गुंतागुंतीची पण लोकांना प्रिय आहे. प्रत्येक मतदाराकडे जितक्या जागा तितकी मते असतात. ती वेगवेगळ्या पक्षांच्या यादीतल्या उमेदवारांना वाटता येतात, आणि एकाच उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात. म्हणून राष्ट्रीय पक्षांबरोबरच स्थानिक मतदार-गटांनाही सभेत वजन असते. पाणी, शाळांच्या इमारती, रस्ते, ग्रंथालय, दप्तरखाना आणि मनोऱ्याची व तटाची देखभाल या सभेच्या अंदाजपत्रकातून चालते. पोलीस मात्र राज्याचे आहेत आणि न्यायालय राज्याचे आहे.